नायटा आहे, असं मी म्हणाले

माझ्या जावेच्या कोपरावरचा डाग घरात सगळ्यांत आधी मला दिसला, आणि आता या वयात खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

नरकचतुर्दशीची सकाळ होती. विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये बंब जाऊन गीझर आला होता, पण सासूबाईंच्या हुकुमावरून अभ्यंगस्नान मात्र साग्रसंगीत व्हायचं. पुरुषांचं आटोपलं, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचं आटोपलं, आणि मग सासूबाई म्हणाल्या, "हिची पहिलीच दिवाळी आहे, तू लाव हिला तेल." पहिला दिवाळसण खरं तर तिच्या माहेरी अमरावतीला व्हायचा. पण तिच्या कंपनीतल्या परदेशी साहेबांना दिवाळी कुठली ठाऊक असायला! सुट्टी मिळाली नाही. म्हणून ती माझ्यासमोर पाटावर बसली होती आणि मी, तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, तिच्या पाठीला तेल चोळत होते.

हात चोळायला घेतले तर दोन्ही कोपरांवर रुपयाएवढे लाल डाग. वर पांढरा पापुद्रा. तेल लागल्याबरोबर पापुद्रा दिसेनासा झाला आणि खालचा लाल गोल उठून दिसला. कड इतकी स्वच्छ की पेन्सिलने आखून घ्यावी.

"वहिनी, हे काय होऊन राहिलं बघा ना," ती म्हणाली. "महिना झाला. खाजत बी नाही तेवढं."

मी तिचं कोपर हातात धरलं. काय आहे ते मला तिथल्या तिथे कळलं. आणि मनात पहिला विचार काय आला सांगू? चला, हिच्यातही काहीतरी उणं आहे म्हणायचं!

आता हा विचार का आला, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला नुसतीच दुष्ट म्हणाल. लग्नाआधी मी टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, इंग्रजी चाळीसची आणि मराठी तीसची. येरवड्याला एका ऑफिसात नोकरीही करत होते. मुलगी झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पोरीला कोण बघणार? नोकरी काय, पुन्हा मिळेल." मी सोडली. मुलगी शाळेत जायला लागली आणि मी पुन्हा शोधायला गेले, तोवर ऑफिसांतून टाइपरायटरच निघून गेले होते. एका ठिकाणी तर तिथल्या पोरीने मला विचारलं, "काकू, कॉम्प्युटर येतो का?" काकू! पस्तिशी लागायची होती मला. घरी येऊन मी कुकर लावला.

मग धाकट्या दिराला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, आणि त्याच कंपनीतली मुलगी त्याने पसंत केली. तिला घेऊन जायला सकाळी कोपऱ्यावर बस यायची. गळ्यात मंगळसूत्राशेजारी फोटोचं कार्ड. संध्याकाळी साडेसातला माझ्या सासूबाई, ज्या माझ्या नोकरीच्या दिवसांत "आलीस का एकदाची?" असं विचारायच्या, त्या गॅलरीत उभ्या राहून बसची वाट बघायच्या. "दमली असेल हो पोर. चहा टाक." हे "टाक" अर्थातच मला. हिच्या बाबतीत घराकडे कोण बघणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मी होते ना बघायला.

मी खडकीच्या क्वार्टर्समधली म्हणून दहा वर्षं माझ्या बोलण्यातल्या चुका काढून झाल्या होत्या. "आपल्याकडे असं म्हणत नाहीत हं." आणि ही "करून राहिले, जाऊन राहिले" म्हणायची, ते मात्र शेजारणींना कौतुकाने सांगितलं जायचं. मी बोलले की अशुद्ध, ती बोलली की गोड. माझी मुलगी तर तिच्याच खोलीत पडलेली असायची. तिथे कॉम्प्युटर होता, त्यात चित्रं काढता यायची, आणि काकू हसून खेळून शिकवायची. पोटची पोर माझ्याकडे फक्त जेवायला यायची.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे ती चांगली होती. घरात पाऊल टाकलं की हातपाय धुऊन म्हणायची, "वहिनी, बसा तुम्ही, कणीक मी भिजवते." अशा माणसाचा राग धरायला फार कष्ट पडतात. मी ते घेतले.

आता तो डाग मला इतक्या झटकन कसा ओळखू आला, तर माझ्या वडिलांमुळे. बाबा खडकीला कारखान्यात कामाला होते. त्यांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, कमरेच्या मागे आणि डोक्यात केसांच्या कडेकडेने हेच होतं. आई रोज सकाळी त्यांच्या अंथरुणाची चादर झटकायची आणि झटकण्याआधी शेजारी कुणी बाहेर आहे का ते बघायची. चार वर्षं सगळ्यांनी त्यांना नायट्याची मलमं लावायला दिली. शेवटी कुणीतरी पुण्यातल्या एका म्हाताऱ्या त्वचेच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. बाबांबरोबर मी जायची, कारण आईला लाज वाटायची. मी पंधरा वर्षांची होते.

त्या डॉक्टरांना शिकवायची हौस होती. रांगेतले पेशंट दाखवून ते मला सांगायचे. नायटा अंगठीसारखा वाढतो, कड उचललेली आणि मधली कातडी बरी होत आलेली, आणि खाज अशी की जीव नकोसा. इसब बसतो कोपराच्या आतल्या खळगीत, गुडघ्याच्या मागे, ओलसर, त्याची कड कुठे संपते ते कळत नाही. भुवयांत आणि नाकाच्या कडेला पिवळट, तेलकट खवले दिसले तर ते कोंड्याचं थोरलं भावंड. "आणि तुझ्या बाबांचा हा सोरायसिस. हा बाहेरच्या बाजूला येतो, जिथे आपण कोपर टेकतो, गुडघा टेकतो. कड स्पष्ट. वर चंदेरी पापुद्रे." त्यांनी काचेच्या पट्टीने बाबांच्या गुडघ्यावर हलकेच खरवडलं. मेणबत्तीच्या मेणासारखा भुगा पडला आणि खाली रक्ताचे बारीक बारीक ठिपके आले. "नखंही बघायची. टाचणीने टोचल्यासारखी दिसतात." मग ते बाबांना म्हणाले, "हा कुणाला लागत नाही. खुशाल एका ताटात जेवा. घराण्यात मात्र उतरू शकतो."

घरी येऊन मी आईला दोन्ही वाक्यं सांगितली. तिने फक्त दुसरं ऐकलं.

मला बघायला आले तो मे महिना होता. चाळीस डिग्रीत बाबा पूर्ण बाह्यांचा शर्ट, बटणं लावून बसले होते. सासूबाईंनी विचारलं, "घराण्यात कोड, कातडीचं काही वगैरे नाही ना? विचारलेलं बरं असतं." आई म्हणाली, "छे हो! देवाच्या दयेने काही नाही." मी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होते. बाबा खाली बघत होते. पुढे ते मला भेटायला यायचे तेही तसेच, बाह्या खाली ओढून. अर्ध्या तासात चहा घेऊन निघायचे. मुक्कामाला कधी राहिले नाहीत. माझी मुलगी चार वर्षांची असताना ते गेले. माझ्या सासरी तोवर कुणालाच कळलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

म्हणून त्या सकाळी तिचं कोपर हातात असताना मी खरं बोलले असते, तर पुढचा प्रश्न आला असता, "तुला गं कसं माहीत?" हे कारण मी पुढे स्वतःला पुष्कळदा दिलं. पण ते खरं कारण नव्हतं. "मला कळत नाही, डॉक्टरांना दाखव," एवढं तर कुणीही म्हणतं.

"नायटा दिसतोय," मी म्हणाले. जरा मोठ्यानेच म्हणाले. स्वयंपाकघरात सासूबाई चकल्या ताटात काढत होत्या.

भाऊबिजेपर्यंत बाथरूममध्ये एक लाल बादली आली. साबणाची एक वेगळी, झाकणाची डबी आली. टॉवेलसाठी दाराच्या मागे वेगळा खिळा ठोकला गेला. तिचे कपडे दोरीच्या पार टोकाला वाळू लागले, कारण "तिकडे ऊन जास्त येतं." आमच्या पुण्यात नको म्हणायची हीच रीत, समोरच्याने वर आभार मानले पाहिजेत. तिने कणकेच्या परातीला हात लावला की सासूबाई म्हणायच्या, "राहू दे गं, दमून येतेस." आणि मग माझ्याकडे वळून, "तूच कर बाई पोळ्या. तुझ्या हातच्या मऊ होतात." दहा वर्षांत माझ्या पोळ्या मऊ असल्याचं मला पहिल्यांदा कळलं. मी वेडी, खूशही झाले.

दिराने औषधाच्या दुकानातून नायट्याची एक ट्यूब आणली. आठ दिवसांत डाग फिका पडला. लावायची थांबवली तर दुप्पट उसळून आला. पुन्हा ट्यूब, पुन्हा तेच. एवढी शिकलेली मुलगी डॉक्टरकडे का गेली नाही, असं तुम्हाला वाटेल. मीच सांगते. तिने ऑफिसात इंटरनेटवर शोधून पाहिलं होतं. पण शोधताना शब्द कुठला टाकला, तर मी दिलेला. तिकडे नायट्याचीच माहिती निघाली, आणि तिचा डाग त्या फोटोंसारखा दिसत नव्हता, तरी ती मला म्हणाली, "वहिनी, प्रत्येकाचा वेगळा असत असेल, नाही का?"

"असतो ना," मी म्हणाले.

रोज संध्याकाळी ती मला दाखवायची. माझ्या खोलीत येऊन दार लोटायची आणि बाही वर करायची. "कमी झालंय ना, वहिनी?" नवऱ्याला दाखवायची तिला लाज वाटायची, सासूबाईंना दाखवायची भीती वाटायची, मला दाखवायचं काहीच वाटायचं नाही. मी चष्मा लावून बघायची. गुडघ्यांवर आलेलं मी पाहिलं, केसांच्या कडेने आलेलं पाहिलं. नखांवर बारीक खड्डे दिसले तेही पाहिले. आणि दर वेळी म्हणायची, "पसरतो तो असाच. ट्यूब लाव."

एकदा वाटलं होतं, सांगून टाकावं. त्याच दिवशी नवऱ्याने जेवताना बातमी दिली की तिला वर्षभरासाठी अमेरिकेला पाठवायचं चाललंय. मी भात वाढत होते. पुढे मी काही बोलले नाही.

मग संक्रांत आली. नव्या सुनेची पहिलीच, काळी साडी, हलव्याचे दागिने. माझ्या वेळी ते दागिने शेजारणीकडून मागून आणले होते आणि दुसऱ्या दिवशी परत करायचे म्हणून मला नीट टेकूनही बसू दिलं नव्हतं. हिच्यासाठी नारायण पेठेतल्या एका बाईंकडे महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं कोरं. दुपारपासून मीच ते तिच्या अंगावर बांधत होते आणि आतून नुसती धुमसत होते.

बिल्डिंगमधल्या पंधरा-सोळा बायका आल्या. काळ्या रेशमी साडीत ती दिसत होती मात्र सुरेख. हळदीकुंकू तिनेच लावायचं होतं. ती कुंकवाची कोयरी घेऊन उठली, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "अगं, खांद्यावर हलव्याचा चुरा सांडलाय," आणि त्यांनी बोटांनी झटकला. झटकता झटकता त्यांनी निरखून पाहिलं. केसांतून गळालेला पापुद्रा होता तो. मानेवरचा लाल पट्टाही दिसला. त्यांनी बोटं पदराला पुसली, एकदा नाही, दोनदा.

"मला नको गं आज, कपाळाला पुरळ उठतं," त्या म्हणाल्या. पुढची म्हणाली, "मीच लावून घेते हं, तू कशाला वाकतेस!" तिसरीने नुसताच पदर डोक्यावर ओढून घेतला. ती कोयरी धरून मध्यभागी उभी. सासूबाईंचा चेहरा पडला होता.

मी पुढे झाले आणि कपाळ पुढे केलं. "लाव गं मला."

तिने घाईने बोट टेकवलं. कुंकू नाकावर सांडलं. मग माझ्याकडे बघून आणखी दोघी-तिघी पुढे आल्या. जाताना एकजण सासूबाईंना म्हणाली, "थोरलीचं मन मोठं आहे हो तुमच्या." सासूबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं त्यांनी आजवर मला पाहिलंच नव्हतं. आणि ती, बायका गेल्यावर, त्या टोचऱ्या दागिन्यांसकट माझ्या गळ्यात पडून रडली. "एवढ्या जणींत तुम्ही एकट्या, वहिनी." मी तिची पाठ थोपटली. मला त्यात कसलाच धोका नव्हता, हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं. एवढा मान मला सासरी कधी मिळाला नव्हता आणि तो मी घेतला.

फेब्रुवारीत माझ्या मुलीचा घसा धरला, दोन दिवस ताप आला. औषधाने उतरला. पंधरा दिवसांनी मी तिला न्हायला घातलं तर पोटावर, पाठीवर लाल थेंबच थेंब. डाळीच्या दाण्याएवढे, आणि प्रत्येकावर बारीक पापुद्रा. मी नखाने एक हलकेच खरवडला. भुगा पडला. बाबा, हे काय केलंत हो, असं मी चक्क मोठ्याने म्हणाले. नळ चालू होता म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही.

पण सासूबाई टॉवेल द्यायला आल्या आणि त्यांनी पाहिलं. "लागलं! शेवटी लागलंच! त्या खोलीत जाऊ नको म्हणून घसा कोरडा केला मी!"

साडेसातला जाऊ आली. चप्पल पायात असतानाच तिने ऐकलं. आमची मुलगी "काकू" म्हणत धावली, तर ती दोन पावलं मागे सरली आणि दोन्ही हात पाठीमागे धरले. "नको बाळा, जवळ नको येऊस." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्यामुळे झालं ना, वहिनी? माफ करा मला."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. शब्द तोंडात होते. सासूबाई समोर होत्या, नवरा सोफ्यावर होता. बोलले असते तर माझ्या आईचं खोटं, माझं खोटं आणि बाबांचं सगळंच एका दमात बाहेर आलं असतं, आणि जावेकडे रोखलेलं बोट माझ्याकडे वळलं असतं. मी म्हणाले, "आता झालं ते झालं."

आठ दिवसांत दिराने वाकडला भाड्याने फ्लॅट बघितला. "ऑफिसही जवळ पडेल," एवढंच आईला म्हणाला. टेम्पो आला, कॉम्प्युटर गेला, कपाट गेलं. मुलगी दाराच्या मागे बसून हुंदके देत होती. तिच्यासाठी आता तो दारामागचा खिळा आणि लाल बादली होती. काकूने तिला लांबूनच हात केला. अमेरिकेचंही तिने नको म्हणून कळवल्याचं मागाहून कळलं, अशा अंगाने परक्या देशात कुठे जाऊ म्हणून. मला जे जे घरातून जायला हवं होतं ते सगळं एका टेम्पोत भरून गेलं, आणि साडेसातला सवयीने मी तिचा चहा टाकला.

त्वचेच्या डॉक्टरांचा नंबर त्यानंतर लागला. तरुण बाई होत्या. मुलीला तपासून त्यांनी बाहेर बसवलं आणि विचारलं, "घरात कुणाला आहे?"

"माझ्या वडिलांना होता," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. "आणि माझ्या जावेलाही आहे."

"जाऊ तुमच्या रक्ताची नाही. तिचा आणि हिचा काही संबंध नाही. घसा बिघडला की काही मुलांमध्ये हा असा उसळतो. बऱ्याचदा काही महिन्यांत जातोही. आणि सगळ्यांच्या टॉवेलने पुसा हिला, काही होत नाही." मग त्यांनी विचारलं, "जावेला काय औषध चालू आहे?"

मी ट्यूबची हकीकत सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं. "नायटा म्हणून? त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं, थांबवली की हा दुप्पट उसळतो. घरात वडिलांचा पाहिलेला होता ना तुम्ही? ओळखू नाही आला?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "तिला पाठवा माझ्याकडे. लगेच."

डॉक्टरांनी तिच्यासाठी लिहून दिलेली चिठ्ठी मी नवऱ्याकरवी दिराला दिली. सासूबाईंना फक्त एवढं सांगितलं, की डॉक्टर म्हणतात हे लागत नाही. "डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला," त्या म्हणाल्या.

दीड-दोन महिन्यांनी एका रविवारी ती आली, एकटीच. कोपरं बरीच निवळली होती. सासूबाईंसमोर बसून तिने शांतपणे सगळं सांगितलं, हा नायटा नाही, हा स्पर्शाने होत नाही, शरीरातूनच येतो, कमीजास्त होत राहणार. सासूबाई कितीही हटवादी असल्या तरी डोक्याने तल्लख. त्यांनी लगेच धरलं, "मग हिच्यापासून नाही, तर पोरीला आला कुठून? आमच्या सात पिढ्यांत कुणाला नाही." आणि मान माझ्याकडे वळली. "तुमच्याकडे होतं का गं कुणाला?"

मी सोफ्यावरची उशी सारखी करू लागले.

"आई, कुणाला नसला तरी बी येतो," जाऊ म्हणाली. "माझ्या माहेरी तरी कुठे कुणाला आहे? मला आलाच ना." सासूबाई "असं होय" म्हणाल्या आणि विषय संपला. ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि त्यावरूनच मला कळलं की तिला सगळं माहीत आहे. खरं सांगते, तिच्या पगाराचा, तिच्या बसचा, तिच्या हलव्याच्या मुकुटाचा वाटला नव्हता एवढा हेवा मला त्या घडीला वाटला. मला वाचवायचं मोठेपणही तिनेच घ्यावं?

मी चहाच्या निमित्ताने आत गेले. ती मागोमाग आली.

"तुमच्या बाबांना होता ना, वहिनी? डॉक्टर बोलता बोलता बोलून गेल्या."

"हो."

"मग दिवाळीतच तुम्हाला कळलं असेल."

"तेव्हाच कळलं."

चहा वर आला. तिने गॅस बारीक केला. "मग नायटा का म्हणाल्या?"

"तुझा हेवा वाटायचा मला," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी तेवढंच खरं होतं.

ती गाळणं घेऊन कपांत चहा ओतू लागली. "मी डॉक्टरांशी भांडून आले," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, ज्यांनी घरात पाहिलाय त्यांना हा कळतोच. मी म्हटलं, आमच्या वहिनींना कळला असता तर त्यांनी पहिल्यांदा मलेच सांगितलं असतं. लई भांडले." आवाजात राग नव्हता. ट्रे उचलून ती बाहेर गेली आणि सासूबाईंना चहा दिला.

पुढे तिने कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. सासूबाई गेल्या, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. नवऱ्याला मी सांगितलं, फार उशिरा. मुलीचे ते थेंब पावसाळ्याआधी गेले होते, पण कॉलेजात असताना सोरायसिस कोपरांवर परत आला आणि आता तोही तिच्याबरोबर नांदतो. तीही सॉफ्टवेअरमध्येच आहे, काकूच्या पलीकडच्याच बिल्डिंगमध्ये राहते.

गेल्या थंडीत मी तिकडे गेले होते. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत दोघी पलंगावर बसल्या होत्या, माझी मुलगी काकूच्या पाठीला मलम लावत होती आणि काकू तिचं कोपर उजेडात धरून म्हणत होती, "तुझं माझ्यापेक्षा बरं आहे यंदा." दोघी कशावरून तरी खूप हसत होत्या.

मी दारातून म्हणाले, "बघू गं, मला बघू दे."

"काही नाही गं आई, बरं आहे," मुलगी म्हणाली. जावेने पदर नीट घेतला आणि उठली. "बसा ना, वहिनी. चहा टाकते."

त्या रविवारनंतर तिने मला कधीच काही दाखवलेलं नाही. मी बाहेर सोफ्यावर येऊन बसले. ती चहा ठेवून पुन्हा आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.